आयर्नमॅनलाही आठची लोकल गाठायची असते

सोसायटीतला कुणी ‘आयर्नमॅन’ची तयारी करतोय असं कळलं, की लोकांना दोन प्रश्न हमखास पडतात. एवढा वेळ याला मिळतो कुठून? आणि जिवाला एवढा त्रास कशासाठी? पुढे हाच माणूस जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी एखाद्या संस्थेच्या नावाने देणग्या मागू लागला, की तिसरा प्रश्न येतो : धावणार तो, मग पैसे आम्ही का द्यायचे? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. घोळ होतो तो त्यांच्या प्रचलित उत्तरांमध्ये.

गैरसमज : ट्रायथलॉन हे नोकरीधंद्याच्या माणसाचं काम नाही.

वस्तुस्थिती : पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या या खेळातला आयर्नमॅन हा प्रकार नोकरदारांच्या गप्पांतूनच निघाला. हवाईत धावण्याच्या एका स्पर्धेच्या बक्षीस समारंभात वाद रंगला, की सगळ्यांत दमदार कोण : पोहणारे, सायकलवाले की धावणारे? अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी यांनी त्यावर तोडगा काढला. ओआहू बेटावर होणाऱ्या तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरं एकापुढे एक जोडायची. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांजवळचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला चक्क बीअर पाजली. कॉलिन्स स्वतःही त्या बारा जणांत होते.

३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं हे अंतर तेव्हापासून पक्कं झालं. त्यासाठी आज साधारण १७ तासांची मुदत असते. मिलिंद सोमण यांनी पन्नाशीला काही महिने बाकी असताना, जुलै २०१५ मध्ये झुरिचला ते १५ तास १९ मिनिटांत पार केलं. त्याच वर्षी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत संपवली. तो खेळ वेगळा असला, तरी सरावाची अडचण सारखीच होती, कारण दोघांनाही रुग्ण तपासायचे होते.

शिवाय ट्रायथलॉन म्हणजे फक्त आयर्नमॅन नव्हे. स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं असतं. २००० च्या सिडनी स्पर्धेपासून ऑलिंपिकमध्ये असलेला प्रकार याच्या बरोबर दुप्पट आहे. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून होणारी ‘७०.३’ ही अर्ध्या आयर्नमॅनची शर्यत असून तिचं नाव मैलांतल्या एकूण अंतरावरून पडलं आहे.

गैरसमज : रोज चार-पाच तास हवेत.

वस्तुस्थिती : ७०.३ साठी आठवड्याला आठ ते दहा तास आणि पूर्ण आयर्नमॅनच्या शेवटच्या महिन्यांत दहा ते पंधरा तास, असा हौशी खेळाडूंचा ढोबळ हिशोब असतो. कामाच्या दिवशी त्यातला वाटा तासा-सव्वातासाचा. लांब सायकल आणि लांब धाव शनिवार-रविवारी. पावसाळ्यात खड्डे चुकवत रस्त्यावर जाण्यापेक्षा सायकल घरातल्या ट्रेनरवर चढवली, की तासाभराचा सराव तासाभरातच आटोपतो आणि सिग्नल व ट्रॅफिकमध्ये वेळ जात नाही. सायकलवरून उतरून लगेच पंधरा-वीस मिनिटं धावायचं, याला खेळाडू ‘ब्रिक’ म्हणतात. एकाच आंघोळीत दोन सराव उरकतात, हा त्याचा घरगुती फायदा.

सगळ्यांत जास्त वेळ खातं ते पोहणं. टँकच्या बॅचची वेळ, तिथवर जाणं-येणं आणि कपडे बदलणं धरून पाऊण तासाच्या पोहण्याला सहज दीड तास लागतो. म्हणून ऑफिसच्या वाटेवरचा टँक निवडणं हा वेगापेक्षा महत्त्वाचा निर्णय ठरतो.

पहाटेचा हिशोब मात्र सरळ आहे. साडेचारला उठायचं, तर साडेनऊला झोपायला हवं. झोप कापून काढलेला तास सरावाच्या वहीत दिसतो, अंगी लागत नाही.

गैरसमज : धाप लागेपर्यंत दामटलं तरच दम वाढतो.

वस्तुस्थिती : नॉर्वेत काम करणारे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण ८० टक्के सराव सावकाश, बोलता येईल अशा गतीने झालेला आढळला. हौशी मंडळी बहुधा उलटं करतात. वेळ थोडा म्हणून रोज जोर लावतात, रोज अर्धवट थकतात आणि मग ऑफिसातल्या दुपारच्या मीटिंगमध्ये पेंगतात.

सरावाने शरीरावर ताण येतो, सुधारणा होते ती विश्रांतीत. म्हणूनच शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत सरावाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणतात. खाणं कमी आणि मेहनत जास्त असं फार काळ चाललं, तर हाडं, संप्रेरकं आणि प्रतिकारशक्ती यांवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. उपवासाच्या दिवशीच लांब सायकल ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गैरसमज : पाणी जितकं प्याल तितकं चांगलं.

वस्तुस्थिती : २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासण्यात आलं आणि १३ टक्के जणांमध्ये सोडियम कमी आढळलं. धावताना वजन वाढलेल्यांना, म्हणजे घामावाटे गेलं त्यापेक्षा जास्त प्यायलेल्यांना, धोका अधिक होता. चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांनाही तो अधिक होता. सामाजिक संस्थांसाठी हळूहळू धावणारे अनेकजण नेमके याच गटात येतात. त्यांनी प्रत्येक टेबलावरचा पेला सक्तीने रिकामा करू नये, तहान लागेल तसं प्यावं.

गैरसमज : स्पर्धेची फी भरली म्हणजे दान झालं.

वस्तुस्थिती : फी जाते ती रस्त्याचा बंदोबस्त, वैद्यकीय पथक, टाइमिंग चिप, टी-शर्ट आणि पदक यांवर. ती सेवेची किंमत आहे. दान म्हणजे संस्थेच्या खात्यात जमा झालेली रक्कम, आणि ती बहुतेक वेळा धावणाऱ्याच्या ओळखीच्या माणसांकडून येते. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये निधी उभारण्याच्या कामाचा समन्वय युनायटेड वे मुंबई ही संस्था करते. पैसा कोणत्या संस्थेला द्यायचा हे धावणारा आणि देणारा ठरवतात.

देणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. पावती संस्थेच्या नावाने आली का? आणि आपण कोणत्या करपद्धतीत आहोत? कारण ‘८०-जी’ म्हणून ओळखली जाणारी वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही.

‘पैसे आम्ही का द्यायचे?’ याचं उत्तर इथेच आहे. धावणं हे मागण्याचं निमित्त असतं. अमेरिकेत १९८८ मध्ये ब्रूस क्लीलँड यांनी रक्ताच्या कर्करोगातून सावरणाऱ्या आपल्या मुलीच्या निमित्ताने ३८ जणांचा गट न्यूयॉर्क मॅरेथॉनला नेला. त्यांनी ३ लाख २२ हजार डॉलर जमवले आणि त्यातून ‘टीम इन ट्रेनिंग’ ही चळवळ उभी राहिली. लंडन मॅरेथॉनमधल्या धावकांनी २०२४ च्या एका शर्यतीतून ७ कोटी ३५ लाख पौंड उभे केले.

गैरसमज : गंभीर सराव आणि समाजकार्यासाठी धावणं यांतलं एकच काहीतरी जमतं.

वस्तुस्थिती : मॅसॅच्युसेट्सचे डिक हॉइट हवाई दलाच्या राखीव तुकडीत नोकरीला होते. मुलगा रिक जन्मापासूनच्या सेरेब्रल पाल्सीमुळे चाकांच्या खुर्चीत होता. १९७७ मध्ये लुळ्या पडलेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची धाव होती, त्यात रिकने भाग घ्यायचा हट्ट धरला. डिक यांनी खुर्ची ढकलत ती पूर्ण केली. धावताना आपण अपंग आहोत असं वाटलंच नाही, असं रिकने संगणकाच्या मदतीने घरी सांगितलं. बापाला तेव्हा नीट पोहताही येत नव्हतं. १९८९ मध्ये त्याच जोडीने हवाईची आयर्नमॅन १४ तास २६ मिनिटांत पूर्ण केली. पाण्यात रिकची होडी डिक यांच्या कमरेला बांधलेली होती.

आपल्याकडचं वेळापत्रकही सोयीचं आहे. गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. गोव्यानंतर दोन आठवडे अंग मोकळं करायचं आणि पुढचे सहा-सात आठवडे धावण्याला द्यायचे. संस्थेसाठीची हाफ मॅरेथॉन जीव तोडून न पळता त्या आठवड्याची लांब धाव म्हणून उरकता येते. सुमारे सहा किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’मध्ये तर घरच्यांनाही सोबत घेता येतं.

गैरसमज : हा एकट्याचा खेळ आहे.

वस्तुस्थिती : १९७८ च्या पहिल्या शर्यतीत प्रत्येकाने आपली मदतनीस टोळी स्वतः आणायची होती. आता आयोजक पाणी-केळी देतात, पण घरातली टोळी सुटलेली नाही. रविवारी पाच तास सायकलवर असलेल्या माणसाच्या वाट्याची भाजी, मुलाचा क्लास आणि आईची औषधं कुणीतरी दुसरं माणूस सांभाळत असतं. म्हणून अनेक जोडपी सरावाचं वेळापत्रक फ्रिजवर लावतात, लांब सायकलचा रविवार एक आड एक ठेवतात आणि त्या दिवशी परतल्यावर दुपारचा स्वयंपाक कुणी करायचा हेही त्यातच लिहितात.