गर्भारपणातला अपघात: मनस्तापाचीही भरपाई मागता येते

परभणीहून जिंतूर, गंगाखेड किंवा पाथरीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गरोदर बाई दुचाकीच्या मागे, रिक्षात किंवा उसाच्या ट्रॅक्टरवर दिसते. अपघात झाला की घरचे आधी दवाखान्याचं बिल आणि गाडीचं नुकसान मोजतात. बाळाच्या काळजीत काढलेल्या रात्री, गर्भ गेल्यावरचं दुःख, पुन्हा रस्त्यावर निघायची धास्ती यांचे पैसे कायदा देत नाही, असं सरसकट मानलं जातं. हा मोठा गैरसमज आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ जखमी व्यक्तीला ‘न्याय्य भरपाई’ मागण्याचा हक्क देतो, आणि ती खर्चाच्या पावत्यांपुरती नसते. कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या मुंबईच्या एका वकिलाच्या हट्टंगडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं, की शारीरिक वेदनांबरोबर मानसिक धक्का, निराशा आणि ताण यांचाही भरपाईत विचार व्हायला हवा. २०११ च्या राजकुमार खटल्यातही वेदना, यातना आणि मानसिक आघात हा स्वतंत्र भाग मानला गेला. पैशाने दुःख मिटत नाही, हा आक्षेप खराच आहे. पण म्हणून दुसऱ्याच्या निष्काळजीपणाचं सगळं ओझं त्या बाईनेच वाहावं, असा त्याचा अर्थ होत नाही.

‘मूल जन्मलंच नाही, मग नुकसान कुणाचं?’ हा दुसरा प्रश्न विमा कंपन्यांच्या बचावातही येतो. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये अपघातात गेलेल्या गर्भासाठी भरपाई मान्य केली आहे. बाहेरच्या उच्च न्यायालयांचे निकाल परभणीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणावर बंधनकारक नसतात. तरीही युक्तिवादाला ते भक्कम आधार देतात. शिवाय आईची इजा आणि तिचा मानसिक आघात हे तिचे स्वतःचे दावे आहेत. बाळ सुखरूप जन्मलं, तरी अपघातापासून बाळंतपणापर्यंत तिने सोसलेलं त्यामुळे पुसलं जात नाही.

खरी अडचण पुराव्याची आहे. ‘गर्भपात एरवीही होतातच,’ असं कंपनीचा वकील म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. निदान झालेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के आपोआप संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून गर्भ आधी ठीक होता आणि बिघाड अपघातानंतर झाला, हे कागदावर दिसावं लागतं. माता व बाल संरक्षण कार्डावरच्या तपासण्या, आधीची आणि नंतरची सोनोग्राफी, डिस्चार्ज कार्ड, एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा हे कागद इथे बोलतात. न्यायाधिकरण फौजदारी खटल्याइतका निर्विवाद पुरावा मागत नाही. कोणती बाजू अधिक संभवनीय, हे ते पाहतं. नोंदच नसेल तर मात्र संभवनीयता तरी कशावरून ठरवायची?

‘वर खरचटलंसुद्धा नाही, तपासणी कशाला?’ हा समज बाळाच्या जिवावर बेतू शकतो. पोटाला बसलेल्या हिसक्याने वार गर्भाशयापासून सुटू शकते, आणि बाहेर जखम नसतानाही हे घडतं. म्हणून वीस आठवड्यांपुढच्या गर्भवतीला अशा अपघातानंतर किमान काही तास देखरेखीखाली ठेवतात. डॉक्टरांना अपघाताचं कारण स्पष्ट सांगून नोंद करून घ्यावी. झोप उडणं, सतत धडधड, गाडीची भीती हेही सांगावं आणि मानसोपचार घेतल्यास त्याचे कागद जपावेत. सरकारची मानसिक आरोग्याची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. त्रास खोटा सांगता येईल, ही शंका वेळच्या वेळी झालेल्या उपचाराच्या नोंदीच दूर करतात. काहीच इजा नसताना फक्त भीतीवर उभा केलेला दावा मात्र टिकणं कठीण, कारण कायदा ‘इजा झालेल्या’ व्यक्तीबद्दल बोलतो.

‘गाडी नवराच चालवत होता, मग हक्क संपला’ हेही अर्धसत्य आहे. चूक दोन्ही चालकांची असेल तर मागे बसलेली बाई दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं. चूक एकट्या नवऱ्याची असेल तर पॉलिसी पाहावी, कारण नुसत्या थर्ड पार्टी विम्यात दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती सहसा येत नाही.

अपघात बाहेरगावी झाला तर तिकडेच खेटे घालावे लागतील, हेही खरं नाही. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेली सोनपेठ किंवा पालमची बाई आपण राहतो त्या भागातच अर्ज करू शकते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. मुदतीकडे मात्र काटेकोर लक्ष हवं. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला सहा महिन्यांची मर्यादा आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्यावर विसंबू नये. गरोदर बाईचे सहा महिने सक्तीची विश्रांती, बाळंतपण आणि ओल्या बाळंतिणीचे दिवस यांतच निघून जातात. म्हणून कागद जमवायचं आणि वकील गाठायचं काम घरच्यांनी पहिल्या आठवड्यातच हाती घ्यावं. तिच्या मनस्तापाला कायद्यात जागा आहे. ती मिळवून देण्याची धडपड तिच्या एकटीवर टाकू नये.