चांगला डोळा झाका, आळशी डोळा कामाला लावा



उसाचा जेठा कोंब जोमाने वाढू लागला की बाजूचे फुटवे मागे पडतात, म्हणून आपण जेठा मोडतो. लहान मुलांच्या 'आळशी डोळ्या'वरचा उपाय याच जातीचा आहे. फरक इतकाच, की तिथे मोडायचे काही नाही, नुसते झाकायचे.

शंभर मुलांत दोन-तीन मुलांना हा दोष असतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असला, डोळा तिरळा असला किंवा जन्मतः मोतीबिंदू असला, तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र बाजूस सारतो आणि चांगल्या डोळ्यावर भागवतो. मग वापराअभावी त्या डोळ्याची मेंदूशी जोडणीच कच्ची राहते. नुसत्या चष्म्याने काहींचे भागते, सर्वांचे नाही.

अडचण अशी की पोर तक्रारच करीत नाही. त्याचे एका डोळ्यावर चाललेले असते! शिवाय 'चकणं पोर नशीबवान' म्हणणारे आपल्याकडे अजून भेटतात.

माझ्या बहिणीचे बिऱ्हाड ठाण्यात कोपरीला आहे. तिची पाच वर्षांची मुलगी आंधळी कोशिंबीर खेळताना डावा डोळा झाकला तर गप्प राही, उजवा झाकला की चिडून हात ढकली. तेवढ्यावरून डॉक्टरांकडे नेले. आधी चष्मा, काही आठवड्यांनी उजव्या डोळ्यावर चिकटपट्टी, रोज दोन तास. पहिला आठवडा नुसती रडारड. आजी म्हणे, "अगं, चांगला डोळा कशाला बांधता पोरीचा?" बहुतेक घरांत उपचार इथेच बंद पडतो. बहीण बधली नाही. दुपारी पट्टी लावून मणी ओवायला, चित्रे रंगवायला बसवी. वर्ष सरता सरता पोरगी तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचू लागली.

पट्टी कातडीला चिकटवावी व वर चष्मा घालावा. नुसती काचेला लावली तर पोरे कडेने बघतात, फार हुशार असतात! दोष मध्यम असेल तर दोन तास पट्टी सहा तासांइतकीच गुण देते, असे अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. सात वर्षांच्या आत गुण चांगला येतो. पुढेही काहींना येतो, म्हणून मोठ्या पोरांची आशा सोडू नये. मात्र मनाने पट्टी सुरू करू नका. झाकणे जास्त झाले तर चांगला डोळाही मंदावतो. गुण आल्यावरही तपासणी चालू ठेवा. चौघांत सुमारे एकाची नजर पुन्हा घसरते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहून, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातूनच, सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा मुले तपासतात. पथकाने पुढे पाठवायची चिठ्ठी दिली तर ती कपाटात ठेवू नका.

राहिली तोडणी मजुरांची पोरे. हंगामात ती आपल्या फडात आणि कोप्यांवर असतात. गावच्या शाळेतली तपासणी हुकते. ज्यांच्या शेतात टोळी उतरेल त्यांनी एवढे करावे: पोरांचा एकेक डोळा झाकून बघावा, आणि एखादे हात ढकलू लागले तर मुकादमाला सांगून त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवावे.