आधी हात दाखव

परवाचीच गोष्ट. माझी अकरा वर्षांची नात ज्यूदोच्या क्लासहून आली आणि दप्तर टाकून थेट माझ्याजवळ येऊन बसली. एरवी ती आधी स्वयंपाकघरात जाते, त्यामुळे काहीतरी काम आहे हे मी ओळखलं. ‘‘आबा, ज्यूदोच्या ड्रेसच्या आत लांब बाह्यांचा टी-शर्ट घातला तर चालेल का?’’ तिने हळूच बाही वर केली. दंडावर रुपयाएवढा लालसर गोल चट्टा. कडा उठलेली, मधला भाग थोडा फिका. गजकर्ण! रविवारी तिची पहिली स्पर्धा. ‘‘झाकलं की कुणाला दिसणार नाही,’’ ती म्हणाली.

हेच शब्द पन्नास वर्षांपूर्वी मी स्वतःशी बोललो होतो.

१९७४ साली वडिलांनी मला गावाहून कोल्हापूरच्या एका तालमीत आणून सोडलं. सोबत एक ट्रंक, तुपाची बरणी आणि दोन लंगोट. पंधरा वर्षांचं वय. डोळ्यांपुढे शाहू महाराजांचं खासबाग मैदान आणि १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिम्पिकचं ब्राँझपदक आणणारे खाशाबा जाधव. वाटलं, उद्यापासून डाव शिकायचे. वस्तादांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली, ‘‘आधी हात दाखव.’’ त्यांनी माझी नखं पाहिली, खिशातून नेलकटर काढून हातावर ठेवलं आणि दाराकडे बोट दाखवलं. नखं कापून आलो तेव्हा मला आत घेतलं.

तालमीचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. चपला उंबऱ्याबाहेर. हौद्यात उतरताना माती कपाळाला लावायची. आत थुंकायचं नाही, शिवी द्यायची नाही. अंगठी, कडं, गळ्यातला दोरा काढून ठेवायचा. दुसऱ्याचा लंगोट आणि पंचा वापरायचा नाही, आपला रोज धुऊन उन्हात वाळत घालायचा. अंगाला जखम असेल तर मातीत पाऊल टाकायचं नाही. थोरल्या पैलवानाने धाकट्याशी खेळताना सगळी ताकद लावायची नाही, आणि धाकट्याने हरलो म्हणून रुसायचं नाही. कुस्ती संपली की पडलेल्याला हात देऊन उठवायचं.

सुरुवातीला मला ही सगळी शिस्त म्हणजे वडीलधाऱ्यांचा दरारा वाटायची. पुढे लक्षात आलं, की एकेका नियमामागे कुणाचं तरी अंग आहे. वाढलेलं नख जोडीदाराच्या डोळ्याजवळून जातं. कड्यात बोट अडकलं की मोडतं. मातीवर थुंकलात, तर त्याच मातीत दुसऱ्याचं तोंड दाबलं जाणार असतं. कुस्तीत आपण आपली मान दुसऱ्याच्या हातात देतो, ती त्याच्यावरच्या विश्वासाने.

माती तर आम्ही लेकरासारखी जपायचो. रोज पहाटे खोऱ्याने उकरायची, खडा वेचायचा, पाणी शिंपडायचं. अधूनमधून त्यात हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर पडायचा. त्या वासाने अजूनही मला पहाटेची तालीम आठवते. पण या मातीने कुठलाही रोग पळतो, अशी आमची समजूत होती, आणि तिथेच माझा घात झाला.

गावोगावच्या जत्रांचे दिवस होते. कमरेच्या वर, बरगडीखाली मला नायटा उठला. वस्तादांनी पाहिला असता तर हौदा बंद आणि जत्राही बंद. मी युक्ती केली. सगळ्यांच्या आधी उतरायचं आणि अंगाला माती चोळून घ्यायची. लाल मातीत लाल चट्टा कुणाला दिसणार?

माझा जोडीदार शेतमजुराचा मुलगा. तालमीतच राहायचा, स्वतःच्या भाकरी स्वतः थापायचा. त्या जत्रेत त्याची शंभर रुपयांची कुस्ती ठरली होती. आयुष्यातली पहिली मोठी. जत्रेला आठ दिवस असताना त्याच्या मानेवर आणि छातीवर चट्टे उठले. वस्तादांनी त्याला त्याच घटकेला बाजूला काढलं आणि सगळ्यांना उभं करून विचारलं, ‘‘अजून कुणाला हाय?’’ मी खाली बघत राहिलो. अंगावर माती होती.

जत्रेत मी माझी कुस्ती मारली. पंधरा रुपये आणि नारळ घेऊन परतलो. रात्री विहिरीवर अंघोळ करताना जोडीदाराने कंदिलाच्या उजेडात माझी बरगडी पाहिली. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘मला सांगायचंस. मी दुसऱ्यासंगं खेळलो असतो.’’ पंधरा रुपये मी त्याच्यापुढे धरले, ते त्याने घेतले नाहीत. नारळ मात्र फोडून सगळ्यांना वाटला, मलाही दिला. तो तुकडा माझ्या घशाखाली उतरेना.

पहाटे मी स्वतः वस्तादांकडे गेलो. वाटलं, आता काठी बसणार. ते म्हणाले, ‘‘मातीच्या पाया पडतोस, आणि जोडीदाराच्या अंगाची किंमत न्हाई तुला?’’ चट्टे पूर्ण बरे होईपर्यंत मी हौद्याच्या काठावर बसून इतरांची कुस्ती पाहिली. एवढी मोठी शिक्षा मला पुन्हा कधी झाली नाही.

हे सगळं मी नातीला सांगितलं. मग तिच्या ज्यूदोबद्दल तिलाच विचारलं. ती सांगत गेली आणि मी थक्क होत गेलो. मॅटवर येताना वाकून नमस्कार, समोरच्याला नमस्कार, हातापायांची नखं कापलेली, केस बांधलेले, ड्रेस धुतलेला आणि कोरडा, मॅटच्या काठापर्यंत चपला आणि मॅटवर अनवाणी. देश वेगळा, भाषा वेगळी, पण तालीम तीच! १८८२ साली तोक्योत ज्यूदोची शाळा काढणाऱ्या जिगोरो कानो यांनी शिष्यांपुढे जी तत्त्वं ठेवली, त्यात एक होतं, आपलं आणि समोरच्याचं, दोघांचं भलं. समोरचा नसेल तर खेळणार कुणाशी? नमस्कार करायचा तो त्यासाठी.

संध्याकाळी तिला घेऊन चर्मरोगतज्ज्ञांकडे गेलो. माझ्या लेकीने औषधाच्या दुकानातून विचारून एक ट्यूब आणली होती. डॉक्टरांनी ती आधी बंद करायला सांगितली. अशा कित्येक मलमांत स्टिरॉइड असतं. खाज थांबते, लाली उतरते, आपल्याला वाटतं बरं झालं, आणि बुरशी मात्र पसरत राहते. गजकर्ण अंगाला अंग लागून पसरतं, तसंच टॉवेल आणि कपड्यांतूनही पसरतं. म्हणून टॉवेल वेगळा, सरावानंतर लगेच अंघोळ, घामाचा ड्रेस पिशवीत कोंबून न ठेवता त्याच दिवशी धुणं, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध. मॅटही रोज जंतुनाशकाने पुसायला हवा. मुलांना कराटे, ज्यूदो, कुस्तीला घालताना आपण फी विचारतो, पट्टा कधी मिळणार ते विचारतो. मॅट कोण पुसतं, हे कितीजण विचारतात?

घरी आल्यावर मी नातीला काही सांगितलं नाही. तिनेच फोन घेतला, सरांना चट्ट्याचं सांगितलं. मग जिच्याबरोबर ती रोज सराव करते त्या मैत्रिणीला लावला. ‘‘तू पण हात बघ गं तुझा,’’ म्हणाली. फोन ठेवून थोडा वेळ रडली.

रविवारी आम्ही दोघं स्पर्धेला गेलो, प्रेक्षकांत बसलो. मैत्रिणीचे हात स्वच्छ होते. ती पहिलीच लढत हरली, उठली, ड्रेस नीट केला आणि समोरच्या मुलीला वाकून नमस्कार केला. माझी नात टाळ्या वाजवत होती. मला मात्र माझा जोडीदार आठवत होता. त्या जत्रेत तो लढला असता तर जिंकला असता का, हे मला कधीच कळणार नाही.