लघवीची उलटी वाट
मुलांच्या एका लपलेल्या दुखण्याविषयी आईबापांशी चार गोष्टी

बोरिवलीहून होडीने गोराईला जाणाऱ्यांना खाडीचा स्वभाव चांगला ठाऊक असतो. ओहोटीला समुद्राकडे धावणारे पाणी भरतीला आल्या वाटेने पुन्हा आत शिरते. खाडीला हे शोभते. पण तेच खारे पाणी शेतात घुसले, तर पीक हातचे गेलेच म्हणून समजा! म्हणून कोकणातला शेतकरी खारजमिनीच्या बांधाला उघाडी बसवतो. शेतातले पाणी बाहेर जाताना तिचे दार उघडते आणि भरतीचा दाब आला की तेच दार मिटते. निसर्गाने अशीच एक उघाडी आपल्या प्रत्येकाच्या पोटात बसवलेली आहे. काही मुलांच्या बाबतीत मात्र ती जन्मतःच कच्ची राहते.

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी दोन बारीक नळ्यांतून मूत्राशयात उतरते. या नळ्या मूत्राशयात सरळ शिरत नाहीत. त्याच्या भिंतीतून तिरप्या, भुयारातून गेल्यासारख्या जातात. मूत्राशय भरला की दाबाने हे भुयार चेपते आणि परतीची वाट बंद होते. भुयार आखूड असले, तर लघवी उलट वर चढू लागते. यालाच डॉक्टर ‘रिफ्लक्स’ म्हणतात. एका मूत्रपिंडाला दोन नळ्या असणे, किंवा मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः पडदा असणे, अशा दोषांबरोबरही तो आढळतो.

भरलेला मूत्राशय दाबला तरी लघवी मागे जात नाही, हे दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गेलनने प्राण्यांवर पाहून ठेवले होते. परंतु ती मागे गेल्याने मूत्रपिंडाचे काय होते, याकडे शस्त्रवैद्यांचे लक्ष खऱ्या अर्थाने वेधले ते 1952 साली. अमेरिकेतील डॉ. हच यांनी पाठीच्या कण्याला इजा होऊन लुळे पडलेल्या रोग्यांमधला हा दोष अभ्यासला आणि तो शस्त्रक्रियेने दुरुस्त करून दाखवला.

नुसती लघवी वर चढली तर बहुधा फारसे बिघडत नाही. तिच्यात जंतू असले, की खरा घात होतो. ते थेट मूत्रपिंडात पोचतात, ताप येतो आणि बरे होताना तिथे व्रण राहू शकतो. हा व्रण पुन्हा भरून येत नाही. असे व्रण वाढत गेले, तर पुढे तरुणपणीच रक्तदाब जडतो आणि क्वचित मूत्रपिंडे निकामी होतात.

आणि दुखणे किती लबाड पाहा! तान्हे मूल कुठे दुखते ते सांगत नाही. सर्दी नाही, खोकला नाही आणि ताप मात्र भरतो. आजी म्हणतात, “दात येताहेत”, शेजारीण म्हणते, “दृष्ट लागली असेल.” औषधाने ताप उतरतो, महिन्याभराने परत येतो. अशा वेळी प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी लघवी तपासायला द्यावी. ही एक साधी तपासणी पुष्कळदा सारे गूढ उकलते. पुढे गरजेप्रमाणे सोनोग्राफी करतात. मूत्राशयात औषध भरून, मूल लघवी करत असताना क्ष-किरण चित्र घेतात. त्यावरून दोषाच्या 1 ते 5 अशा पायऱ्या ठरतात.

निदान ऐकून धीर सोडू नये. खालच्या पायऱ्यांचा दोष मूल वाढताना, भुयार लांबले की, बहुधा आपोआप जातो. तोवर काही मुलांना रोज औषधाची लहान मात्रा देतात. अमेरिकेत 607 मुलांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की या मात्रेने पुन्हा जंतुदोष होण्याचा धोका निम्म्यावर येतो. मात्र दोन वर्षांत व्रणांच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणून औषध कोणाला द्यायचे, हे डॉक्टर मुलागणिक ठरवतात. शाळेत लघवी तुंबवून ठेवण्याची सवय आणि बद्धकोष्ठ यांवरही आधी उपाय हवा; त्यावाचून बाकीचे उपचार तोकडे पडतात.

औषध चालू असूनही ताप येत राहिला, नवे व्रण दिसू लागले किंवा वरच्या पायरीचा दोष हटेनासा झाला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तिचे तत्त्व उघाडी दुरुस्त करण्याचेच आहे. नळी मोकळी करून मूत्राशयाच्या अस्तराखालून नव्या, लांब भुयारातून नेतात. भुयाराची लांबी नळीच्या जाडीच्या सुमारे पाचपट असावी, असा दंडक आहे. 1958 साली पोलिटानो आणि लेडबेटर यांनी, तर 1975 साली कोहेन यांनी सांगितलेल्या पद्धती जगभर रूढ झाल्या. साध्या रिफ्लक्समध्ये शंभरातील पंचाण्णवांहून अधिक शस्त्रक्रिया यशस्वी होतात. दुर्बिणीतून नळीच्या तोंडाशी जेलसारखा पदार्थ टोचण्याचा सौम्य उपायही आहे. त्यात पोट उघडावे लागत नाही, पण यश थोडे कमी आणि कधी तो पुन्हा करावा लागतो. मुलग्यांच्या मूत्रमार्गात पडदा असेल, तर तो दुर्बिणीतून आधी काढतात. कित्येकदा तेवढ्यानेच उलटा प्रवाह ओसरतो.

लहान मुलांच्या अशा दुखण्यांसाठी मुंबईकरांना परळचे वाडिया रुग्णालय 1929 पासून जवळचे आहे. गोराईच्या आईबापांना तिथवर यायचे म्हणजे होडी, मग रिक्षा, मग लोकल, आणि कडेवर तापलेले मूल. पण पहिली तपासणी गल्लीतल्या डॉक्टरांकडेही होते. तेवढी वेळेवर झाली, तर पुढचा प्रवास नेमका कशासाठी करायचा हे तरी कळते.

शस्त्रक्रिया नवा व्रण टाळण्यास मदत करते, जुना पुसत नाही. म्हणून ती यशस्वी झाल्यावरही मुलाचा रक्तदाब वरचेवर मोजून घ्यावा आणि ताप आल्यास लघवी तपासावी. मुलगी असेल, तर हे जुने दुखणे तिला मोठेपणी ठाऊक असले पाहिजे. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टर ते आवर्जून विचारतील. आणि घरात एकाला हा दोष निघाला, तर धाकट्या भावंडांविषयीही डॉक्टरांना विचारा. सख्ख्या भावंडांत तो सापडण्याचा संभव बराच असतो.