लिथियम बॅटरीची पारख : वजन, वॉट-तास आणि दर यांचा हिशेब

नवी दिल्ली : पॉवर बँक, विजेरी, लॅपटॉप, विजेवर चालणारी दुचाकी आणि घरातील इन्व्हर्टर या सर्वांत आज लिथियम बॅटरी आढळते. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळूरूचा एस. पी. रोड असो वा ऑनलाइन दुकान, वरवर सारख्याच दिसणाऱ्या दोन बॅटऱ्यांच्या किमतींत अनेकदा दुपटी-तिपटीचा फरक असतो. स्वस्त बॅटरी खरोखर किफायतशीर आहे की बनावट, हे बऱ्याच अंशी वेष्टनावरील आकडे, वजनकाटा आणि साधा गुणाकार यांच्या आधारे ठरवता येते.

क्षमतेचे खरे माप

बॅटरीच्या वेष्टनावर ठळकपणे छापलेला आकडा मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे ‘एमएएच’चा असतो. मात्र बॅटरीत साठलेली ऊर्जा वॉट-तासांत मोजली जाते. एमएएचच्या आकड्याला हजाराने भागून व्होल्टने गुणले की वॉट-तास मिळतात. प्रचलित लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो. त्यामुळे १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ३७, तर २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ७४ वॉट-तास ऊर्जा असते. मोबाईलला ही ऊर्जा ५ व्होल्टने पुरवताना काही भाग उष्णतेत जातो. म्हणून १०,००० एमएएचच्या अस्सल पॉवर बँकेतूनही प्रत्यक्षात सहा ते साडेसहा हजार एमएएचच हाती लागतात. ही फसवणूक नव्हे.

विजेरीत आणि अनेक बॅटरी-संचांत वापरला जाणारा दंडगोल सेल ‘१८६५०’ या नावाने ओळखला जातो. त्याचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. या आकारात नामांकित उत्पादकांनाही साधारण ३,५०० ते ३,६०० एमएएचच्या पुढे फारसे जाता आलेले नाही. अशा सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅम भरते. त्यामुळे याच आकाराच्या सेलवर ९,९०० एमएएच छापले असेल, तर तो दावा खोटा मानावा. असे सेल अनेकदा जुन्या लॅपटॉपमधून काढून नवे वेष्टन चढवलेले असतात. काहींच्या आत छोटा सेल बसवून उरलेली जागा भुकटीने भरलेली असते.

दर काय सांगतो

‘ब्लूमबर्ग एनईएफ’ या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये लिथियम-आयन बॅटरी-संचाचा जागतिक सरासरी दर किलोवॉट-तासामागे ११५ डॉलर होता. म्हणजे एका वॉट-तासाला साडेनऊ-दहा रुपये पडतात. हा दर प्रामुख्याने मोठ्या घाऊक खरेदीचा आहे. किरकोळ बाजारात त्यावर आवरण, संरक्षक मंडल, वाहतूक, कर आणि नफा यांची भर पडते.

या हिशेबाने ५०,००० एमएएचची, म्हणजे १८५ वॉट-तासांची पॉवर बँक पाचशे रुपयांना परवडत नाही. घाऊक दर निम्मा धरला तरी केवळ बॅटरीचाच खर्च सुमारे नऊशे रुपये होतो. वजनही तेच सांगते. उत्तम प्रतीच्या सेलमध्ये एका किलोमागे सुमारे २६० वॉट-तास ऊर्जा मावते. म्हणून १८५ वॉट-तासांसाठी सेलच किमान ७०० ग्रॅमचे हवेत. अडीचशे ग्रॅमच्या डबीत ते शक्य नाही.

धोका कशात आहे

सेलमधील दोन विद्युताग्रांमध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो आणि भोवतीचा द्राव ज्वलनशील असतो. पडदा फाटला, सेल ४.२ व्होल्टच्या मर्यादेपलीकडे चार्ज झाला किंवा आत धातूचा कण राहिला, तर आत शॉर्टसर्किट होऊन उष्णता वाढते. ती उष्णता पुढील रासायनिक क्रिया भडकवते आणि शेजारचे सेलही पेट घेतात. हे रोखण्यासाठी संरक्षक मंडल असते. बनावट मालात पहिली काटकसर तेथेच होते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊ नयेत, असा इशारा दिला होता. हे सेल मुळात संरक्षक मंडलासह संचात बसवण्यासाठी तयार केलेले असतात.

विजेवरील दुचाकींना लागलेल्या आगींनंतर भारतात वाहनांच्या बॅटरींसाठी ‘एआयएस-१५६’ हे मानक कठोर करण्यात आले. सुधारित तरतुदी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. वाहनाची बॅटरी बदलताना स्थानिक कारागिराने सुट्या सेलपासून जोडलेला संच स्वस्त पडतो. परंतु त्यातील नवे-जुने सेल मिसळलेले असल्यास कमकुवत सेलवर ताण येतो. अशी बॅटरी रात्रभर घरात किंवा इमारतीच्या जिन्याखाली चार्ज होत असेल, तर धोका संपूर्ण इमारतीला असतो.

खरेदीच्या वेळी

सुवाह्य उपकरणांच्या लिथियम सेल व बॅटरींना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यासाठी ‘आयएस १६०४६’ हे मानक लागू आहे. मानकचिन्हासोबत ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. क्रमांक छापणे कुणालाही शक्य असल्याने तो ‘बीआयएस केअर’ या अॅपवर तपासावा. तेथे दिसणारे उत्पादकाचे व ब्रँडचे नाव वेष्टनावरील नावाशी जुळले पाहिजे.

दरांची तुलना करताना किमतीला वॉट-तासांनी भागावे. इन्व्हर्टरसारख्या रोजच्या वापरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकाराचाही विचार करावा. ही बॅटरी वजनाला जड असली, तरी उष्णतेत अधिक स्थिर असते. ती साधारणतः दोन हजार किंवा त्याहून अधिक वेळा चार्ज होऊ शकते. वर्षांचा हिशेब मांडला तर तीच स्वस्त ठरू शकते. उत्पादनाची तारीखही पाहावी, कारण बॅटरी न वापरताही जुनी होते.

पक्के बिल घेणे आवश्यक आहे. सदोष माल परत मागवला गेल्यास बिल आणि अनुक्रमांक उपयोगी पडतात. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. फुगलेली किंवा निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेसाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.