पोटात भलतीकडे रुजलेलं अस्तर

गर्भाशयाचं आतलं अस्तर दर पाळीला गळून पडतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा नव्याने उगवतं. बाईच्या आयुष्यात हे 400च्या आसपास वेळा घडतं, आणि दर वेळी ती जखम भरते ती व्रण मागे न ठेवता. गुडघा एकदा खरचटला तर त्याचा डाग कितीतरी वर्षं राहतो, हे आठवलं की या अस्तराची करामत लक्षात येते.

ही करामत चालते ती प्रथिनांनी धाडलेल्या निरोपांवर. एक पेशी प्रथिन सोडते, ते दुसरीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरमध्ये जाऊन बसतं, आणि तिथून निरोप रेणूरेणूंतून केंद्रकापर्यंत पोचून जनुकं जागी करतो. व्हीईजीएफ नावाचं प्रथिन नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतं. इंटरल्यूकिन-8 पांढऱ्या पेशींना बोलावून घेतं.

एंडोमेट्रिऑसिस या आजारात या अस्तरासारख्याच पेशी अंडाशयावर, पोटाच्या आतल्या आवरणावर, कधी आतड्यावर रुजतात. अंडाशयात जुनं रक्त साठून होणारी ‘चॉकलेट सिस्ट’ हे त्याचंच एक रूप. 1920च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन यांनी मांडलं, की पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्यासोबत या पेशीही. पण असं उलटं रक्त बहुतेक बायकांच्या पोटात जातं. आजार मात्र साधारण 10 पैकी एकीलाच होतो. खरं कोडं इथे आहे.

पोटात पहाऱ्याला असलेल्या मॅक्रोफेज पेशींनी खरं तर हा भरकटलेला माल साफ करायचा. या आजारात त्याच पेशी दाह वाढवणारी आणि रक्तवाहिन्या फुटायला लावणारी प्रथिनं सोडतात, आणि उपऱ्या पेशींचं बस्तान बसतं. त्यात भर म्हणजे, निरोगी अस्तराला जे जवळजवळ जमत नाही ते या पेशींना जमतं: त्या अरोमाटेज हे प्रथिन तयार करून स्वतःपुरतं इस्ट्रोजेन बनवतात. इस्ट्रोजेनमुळे प्रोस्टाग्लँडिन वाढतं, प्रोस्टाग्लँडिनमुळे अरोमाटेज. चक्र एकदा फिरू लागलं की त्याला बाहेरून रेटा द्यावा लागत नाही.

मला सर्वांत थक्क करते ती मज्जातंतूंची गोष्ट. 1950च्या सुमारास सेंट लुईसमध्ये रीता लेवी-मोंताल्चिनी कोंबडीच्या भ्रूणावर उंदराची गाठ रोपून पाहत होत्या. भ्रूणाचे मज्जातंतू गाठीत बेसुमार घुसले. गाठ भ्रूणाला न चिकटवता बाहेरच्या पडद्यावर ठेवली, नातं फक्त रक्ताभिसरणाचं उरलं, तरीही तंतू वाढतच राहिले. म्हणजे गाठीतून काहीतरी पाझरत होतं. ते ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ निघालं, आणि त्यासाठी 1986 साली त्यांना स्टॅनली कोहेन यांच्यासोबत नोबेल मिळालं. हेच प्रथिन एंडोमेट्रिऑसिसच्या गाठींतही सापडतं. तिथेही ते मज्जातंतूंना ओढून घेतं, शिवाय वेदनेचा निरोप नेणाऱ्या तंतूंना अधिक हळवं करतं. पाळीच्या दिवशी कळवळून पडलेल्या मुलीला ‘एवढं तर सगळ्यांनाच दुखतं’ म्हणणाऱ्यांना हे कळायलाच हवं: तिच्या पोटात काही ठिकाणी खरोखरच नवे मज्जातंतू फुटलेले असू शकतात.

आज दिली जाणारी बरीचशी औषधं हार्मोनच्या वाटेनेच जातात, आणि त्यांतली अनेक बीजनिर्मिती थांबवतात; त्यामुळे मूल हवं असलेल्या बाईची पंचाईत होते. म्हणून 2023 साली जपानी संशोधकांनी केलेला प्रयोग मला मोलाचा वाटतो. त्यांनी हार्मोनना हात न लावता इंटरल्यूकिन-8ला धरून ठेवणारी अँटिबॉडी पाळी येणाऱ्या, एंडोमेट्रिऑसिस असलेल्या माकडांना टोचली. गाठी लहान झाल्या, आणि पोटात एकमेकांना चिकटलेले अवयवही काही प्रमाणात मोकळे झाले.