पेट्री डिशमधली पाखडण

बर्फात रोवलेल्या बोटभर नळीत थोडासा गढूळ द्रव असतो. त्यात ई. कोलाय या जिवाणूच्या कोट्यवधी पेशी असतात, कॅल्शियम क्लोराइडच्या थंड द्रावणात मुरवलेल्या. त्यांत प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटंसं कडं, अगदी नखभर घालायचं. अर्धा तास सगळं बर्फातच. मग नळी ४२ अंश सेल्सियसच्या पाण्यात जेमतेम ४५ सेकंद धरायची आणि लगेच पुन्हा बर्फात रोवायची. हा हीट शॉक लांबला तर पेशी मरतात, फारच आखडला तर कडं आत शिरत नाही. त्यानंतर ३७ अंशांवर अन्नद्रवात तासभर विसावा, म्हणजे नव्या जनुकाला कामाला लागायला वेळ मिळतो. शेवटी अँपिसिलिन हे प्रतिजैविक मिसळलेल्या अगारवर द्रव पसरून प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. सकाळी तिच्यावर फिकट ठिपके उमटलेले दिसतात, बोटांनी मोजता येतील असे.

‘जनुकीय अभियांत्रिकी’ म्हटलं की कोणीतरी जनुक चिमट्यात धरून पेशीत बसवतंय, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. या तंत्रावरच्या वादांतला बराच घोळ याच चित्रातून होतो, असं मला वाटतं. इथे कोणत्याही एका पेशीला कोणी हात लावत नाही. बहुसंख्य पेशी कडं घेतच नाहीत. माणसाचं खरं कौशल्य आहे ते पाखडण्यात. प्लाझ्मिडवर अँपिसिलिनला पुरून उरणारं जनुक आधीच ठेवलेलं असतं, त्यामुळे ज्या पेशीने कडं घेतलं तीच जगते. अनुकूल स्थितीत ती साधारण २० मिनिटांत दुप्पट होते आणि सकाळपर्यंत तिच्या वंशाचा ठिपका डोळ्यांना दिसू लागतो. पण एवढ्याने भागत नाही. आपल्याला हवं ते जनुक बसवण्यासाठी कडं आधी कापून उघडलेलं असतं, आणि ते जनुक न घेताच कडं पुन्हा मिटलेलं असू शकतं. म्हणून दुसरी चाळणी लागते: रिकामं कडं असलेली वसाहत निळी पडावी, भरलेलं असलेली पांढरी राहावी, अशी सोय केलेली असते. चाळणीही फसते. प्लाझ्मिड मिळालेली पेशी जे विकर सोडते ते भोवतालचं अँपिसिलिन मोडून टाकतं. प्लेट जास्त वेळ ठेवली की त्या निर्धोक वर्तुळात काहीही न मिळालेल्या पेशी बारीक राईसारख्या उगवतात. सरावलेली नजर मधला ठसठशीत ठिपका उचलते, कडेचे सोडून देते. शेजारी प्लाझ्मिड न घातलेल्या पेशींची प्लेट असते. ती कोरी राहिली नाही, तर पहिल्या प्लेटवरच्या ठिपक्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

मग हे सगळं नशिबावरच चाललं की, असं कोणी म्हणेल. एका पेशीपुरतं ते खरं आहे. पण पेशी कोटींनी असतात तेव्हा लाखांत एखादीला साधणारी गोष्टही रोज हमखास साधते, आणि निवडलेल्या वसाहतीचा डीएनए अक्षर अन् अक्षर वाचून तपासता येतो. १९७३ साली स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी जोडलेला डीएनए याच रीतीने ई. कोलायमध्ये वाढवला. त्यासाठी वापरलेली कात्रीही जिवाणूचीच होती, विषाणूंचा डीएनए कापून स्वतःला वाचवण्यासाठीचं विकर. पाचच वर्षांनी मानवी इन्सुलिनच्या २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या जिवाणूंकडून करवून घेऊन नंतर जोडल्या गेल्या. १९८२ साली अमेरिकेत त्या इन्सुलिनला औषध म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी मधुमेह्यांचं इन्सुलिन गाईडुकरांच्या स्वादुपिंडांतून काढावं लागे. अर्थात जिवाणूला सगळंच जमत नाही. ज्या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या माणसासारख्याच जडाव्या लागतात, ती सहसा सस्तन प्राण्यांच्या पेशींतच वाढवावी लागतात.

प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुकं आपणच वाढवत बसतो, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. प्रयोगशाळेतला के-१२ हा वाण पिढ्यान्‌पिढ्या प्लेटवर वाढून इतका पांगळा झालाय की माणसाच्या आतड्यात त्याचा सहसा टिकाव लागत नाही. शिवाय वापरलेली प्रत्येक प्लेट १२१ अंशांच्या वाफेत निर्जीव करूनच फेकायची असते. तरीही जिवाणू एकमेकांना प्लाझ्मिडं देतात हे विसरून चालणार नाही, आणि मोठ्या टाक्यांतून औषध करताना हा धोका अकारण का पत्करायचा? त्याला पर्याय आहे. स्वतःला लागणारं एखादं पोषक द्रव्य बनवू न शकणारा वाण घ्यायचा, ते बनवणारं जनुक प्लाझ्मिडवर ठेवायचं आणि अन्नातून ते द्रव्य वगळायचं. ज्या पेशीने कडं टाकलं ती तिथेच उपाशी राहते, आणि टाकीत अँपिसिलिनचा कणही घालावा लागत नाही.